दोन मोल म्हणजे दोन ससे

यंदा माझी पुतणी बेळगावला पीयूसी सायन्सला गेली. पहिल्याच महिन्यात तिचा फोन आला, "काका, ते मोल म्हणजे काय असतं हो?" प्रश्न ऐकून मला आधी हसू आलं आणि मग पोटात गोळा आला. मोलाने मला फार छळलंय. फोन ठेवून मी माळ्यावरची जुनी ट्रंक उघडली. तीन रकान्यांची ती वही अजून होती, फक्त वाळवीने कडा खाल्ल्या होत्या.

आमचं घर कणकुंबीचं. मलप्रभा नदी आमच्या गावात उगम पावते आणि खाली सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात जाऊन विसावते. माझे वडील उगमाकडचे, आई धरणाकडची. त्यामुळे घरात मराठी आणि कन्नड दोन्ही वाहतात. पण आईच्या कन्नडात रोट्टी होती, पल्ल्या होती, रागावणं होतं, लाडही होते. त्यात न्यूटन नव्हता. दहावीपर्यंत माझी शाळा मराठी. 2004 साली एसएसएलसीला विज्ञानात बरे गुण पडले आणि सगळ्यांनी मिळून मला सायन्सला ढकललं. प्रवेश, खोली आणि खानावळीसाठी वडिलांनी एक रेडी विकली. ती कुणाला विकली, कितीला विकली, हे मी कधी विचारलं नाही.

कॉलेजात सर इंग्रजीत शिकवायचे आणि शेवटी कन्नडात विचारायचे, "तिळितेनु?" मागून पंचवीस-तीस आवाज यायचे, "तिळित्री सर!" पूर्ण तासात मला नीट समजलेला शब्द तेवढा एकच असायचा, तिळितेनु. मीही जोरात "तिळित्री" म्हणायचो. खोटं बोलायचं तर सगळ्यांबरोबर बोलावं.

मग तो मोल आला. पहिल्या सुट्टीत घरी ओसरीवर बसून मी घोकत होतो, "दोन मोल पाणी, दोन मोल पाणी." मराठीत मोल म्हणजे किंमत, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे पाण्याची किंमत दोन रुपये असावी, असा माझा अंदाज. आई चुलीपुढून उठून आली. "कुठे आहेत रे दोन मोल? कुणी धरून आणले?" कन्नडात मोल म्हणजे ससा! त्या दिवशी किंमत आणि ससा यांच्यामध्ये रसायनशास्त्र अडकलं, ते पुढे वर्षभर सुटलं नाही.

खरं म्हणजे गोष्ट सोपी आहे. बारा म्हणजे डझन, तसा 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात एवढ्या कणांचा एक मोल. एवढं पाणी वजनाला जेमतेम 18 ग्रॅम भरतं, म्हणजे घोटभर. हे मला त्या वेळी कुणी डझनाच्या भाषेत सांगितलं असतं तर! पुतणीला मी तसंच सांगितलं. (2019 मध्ये जगभरच्या मोजमापवाल्यांनी हा आकडा कायमचा ठरवून टाकलाय, त्यामुळे तिला तरी तो बदलण्याची भीती नाही.)

प्रयोगशाळेत निदान भाषेचा त्रास नसावा, असं वाटलं होतं. एकदा पाणी उकळून तापमान घ्यायचं होतं. माझा थर्मामीटर साडेसत्त्याण्णवाला जाऊन बसला, काही केल्या हलेना. पुस्तकात तर शंभर. थर्मामीटर बिघडला असणार, असं धरून मी जर्नलमध्ये ठळक अक्षरांत 100 लिहिलं. सरांनी जर्नल पाहिलं, मला पाहिलं, आणि म्हणाले, "काय रे, पाणी पणजीला जाऊन उकळून आणलंस काय?" वर्ग हसला. मला विनोद कळला नाही, म्हणून मीही हसलो.

विनोद कळायला वर्ष गेलं. समुद्रसपाटीला पाणी शंभर अंशांना उकळतं. वर चढत गेलं की हवेचा दाब कमी होतो आणि साधारण दर तीनशे मीटरला उकळबिंदू एकेक अंशाने उतरतो. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटरवर आहे, कणकुंबीही त्याच मापातली. म्हणजे शंभराला पाणी उकळायचं तर आमच्या दारावरून चोर्ला घाट उतरून खरोखरच गोव्यात जायला हवं! थर्मामीटर बरोबर होता. खाडाखोड मी केली होती.

जीवशास्त्रातही असंच. एकाच भागात सापडणाऱ्या प्राण्याचं उदाहरण विचारल्यावर मी ताठ मानेने "कांगारू" म्हणालो. उत्तर चूक नव्हतं. पण सरांनी गाव विचारलं. कणकुंबी म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. आमच्याच डोंगरात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत, एक वटवाघूळ राहतं. राँटन नावाच्या इंग्रज वनाधिकाऱ्याचं नाव त्याला 1913 मध्ये दिलं गेलं आणि बरीच वर्षे ते जगात फक्त इथेच आहे असं मानत होते. पुढे ते कंबोडियात आणि मेघालयातही आढळलं. ते रान 2011 पासून भीमगड अभयारण्यात आहे. मला मात्र ऑस्ट्रेलियातला प्राणी पाठ होता.

पण मी नापास झालो तो वटवाघळामुळे नव्हे, 'शक्ती'मुळे. माझा खोलीतला सोबती बैलहोंगलकडचा, कन्नड माध्यमातला, हुशार आणि मनाचा मोठा. रात्री तो मला फिजिक्स कन्नडात समजावायचा. "एनर्जी म्हणजे शक्ती," तो सांगायचा. मी मान डोलवायचो, कारण शक्ती शब्द आमच्याही शाळेत होता. फक्त मराठी पुस्तकात शक्ती म्हणजे पॉवर, आणि एनर्जीला आम्ही ऊर्जा म्हणतो. कन्नड पुस्तकात पॉवरला म्हणतात सामर्थ्य. दोघंही बरोबर, आणि माझ्या डोक्यात मात्र काला. सेकंड पीयूच्या पेपरात ज्यूल तिथे वॅट आणि वॅट तिथे ज्यूल, अशी मी पानंच्या पानं लिहून आलो.

2006 च्या मे महिन्यात निकाल लागला. फिजिक्समध्ये 27. पिरनवाडी, किणये, जांबोटी, एकेक थांबा मागे पडत होता आणि वडिलांना काय सांगायचं ते ठरत नव्हतं. घरी पोचलो तर ते छपरावर. पाऊस तोंडावर आला होता आणि कौलं परतायचं काम चाललं होतं. मला पाहून वरूनच ओरडले, "किती?"

मी खाली मान घालून म्हणालो, "सत्तावीस."

"मग पुरतील की!"

"नाही पुरत, बाबा. पस्तीस लागतात."

ते जरा थांबले. "आठच कमी ना? आणूया कुठून तरी. तू तोंड का पाडून उभा आहेस?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते अंगणात रचलेल्या जास्तीच्या कौलांची संख्या विचारत होते. मग मला रडू आवरेना. वडील शिडीवरून सावकाश उतरले. आई बाहेर आली. तिला काय झालं ते न सांगताच कळलं, कारण ती म्हणाली, "इरली बिडप्पा, मोदल ऊट माडु." असू दे रे बाबा, आधी जेवून घे. जेवताना कुणी बोललं नाही. हात धुताना वडील एवढंच म्हणाले, "रेडी काय परत मिळत नाही. परीक्षा परत मिळते म्हणतोस, तर दे."

पुरवणी परीक्षेला थोडेच दिवस होते. त्या रात्री मी वही आखली. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात कन्नड. मराठी माझ्या जुन्या शाळेच्या पुस्तकांतून, कन्नड सोबत्याने दिलेल्या त्याच्या पुस्तकांतून. अडलेलं अक्षर आई वाचून द्यायची. आणि गंमत सुरू झाली. ॲक्सिलरेशन हा मला नुसता खडखडाट वाटायचा. मराठीत त्वरण, त्वरा आली की कळलं. कन्नडात तर वेगोत्कर्ष! वेगाचा उत्कर्ष, यात शिकवायचं काय राहिलं? मास म्हणजे वस्तुमान, कन्नडात द्रव्यराशी. फोर्स दोन्हीकडे बल. मग ओळ आली ऑक्सिजनची. मराठीत प्राणवायू, कन्नडात आम्लजनक. आईने विचारलं, "आम्ल म्हणजे आंबट ना? हवेत कसलं आंबट?" शंका रास्त होती. ऑक्सिजन या मूळ नावाचा अर्थही तोच आहे. अठराव्या शतकात लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला वाटलं की प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, म्हणून त्याने तसं नाव ठेवलं. 1810 च्या सुमारास डेव्हीने दाखवलं की हायड्रोक्लोरिक आम्लात तो नसतोच. तोवर नाव रुळलं होतं, आणि कन्नडाने ते जसंच्या तसं उचललं. एवढ्या मोठ्या माणसाची चूक रोज वर्गात हजेरी लावते, हे कळल्यावर मला माझे सत्तावीस जरा हलके वाटले.

'शक्ती'च्या ओळीला मी लाल शाईने चौकट केली. जून लागला, पाऊस कोसळायला लागला आणि वाऱ्याने तारा तुटून लाईट गेली. कंदिलाच्या उजेडात वर लटकलेल्या साठ वॅटच्या बल्बकडे बघताना तो फरक अखेर डोक्यात शिरला. बल्बवर शक्ती छापलेली आहे, ऊर्जा मात्र खर्च होत नाही! लाईट असती तर हाच बल्ब सोळा तास चाळीस मिनिटं जळाला की एक युनिट झालं असतं, म्हणजे छत्तीस लाख ज्यूल.

पुरवणीचा निकाल आला तेव्हा रोपलावणी चालू होती. मी बांधावरूनच ओरडून सांगितलं, "बाबा, त्रेचाळीस!"

गुडघाभर चिखलात वाकलेले वडील उभे राहिले. डोक्यावरची घोंगडी सारखी करत त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला.

"पस्तीस लागत होते ना? मग आठ उरले की. ठेव, पुढच्या वर्षी लागतील."