ओळख शरीराची – भाग 9 : मोज्याची चर

रात्री पनवेल लोकलमधून उतरून घरी आलेला माणूस मोजे काढतो, तेव्हा घोट्याच्या वर इलॅस्टिकची चर उमटलेली दिसते. दिवसभर उभ्याचं काम, वर सीएसएमटीपासून हार्बरचा सव्वा तासाहून जास्त प्रवास, तोही लोंबकळत. पाय भरून येणारच. सकाळपर्यंत चर मिटते आणि विषय संपतो. आजचा भाग आहे तो नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडतो आणि सावकाश भरतो, त्या सुजेबद्दल.

‘पाणी कमी प्या, सूज उतरेल’ हा सल्ला घरोघरी मिळतो. पण निरोगी मूत्रपिंड जादा पाणी काही तासांत बाहेर टाकतं. पाणी अडवून धरतं ते मीठ. सलाइनच्या एक लिटर बाटलीत 9 ग्रॅम मीठ असतं, कारण रक्ताशी जुळणारं प्रमाण साधारण तेच. म्हणजे 9 ग्रॅम जादा मीठ अंगात मुक्कामाला राहिलं, की लिटरभर पाणीही राहिलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ खा म्हणते, जेमतेम एक छोटा चमचा. आणि आपलं पावसाळ्यातलं ताट? सुकट, सोडे, पापड, लोणचं. चव सोडायला सांगणं सोपं आहे, मलाही जमत नाही. पण सूज असेल तर सुरुवात इथूनच.

पाणी रक्तातून बाहेर येतंच कसं, हे इंग्लंडच्या अर्नेस्ट स्टार्लिंगने 1896 मध्ये मांडलं. केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातलं अल्ब्युमिन ते आत धरून ठेवतं. तरी बाहेर राहिलेलं लसिकावाहिन्या गोळा करून परत रक्तात सोडतात. हृदय थकलं की मागे दाब साचतो. यकृत अल्ब्युमिन बनवेनासं झालं किंवा मूत्रपिंडातून ते गळू लागलं, की धरून ठेवणारं कोणी उरत नाही. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटऱ्यांचं, म्हणून नुसतं उभं राहण्यापेक्षा टाचा उचलत राहणं आणि घरी पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवणं बरं.

कधी दोष गोळीचा असतो. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, अंगदुखीच्या गोळ्यांनी मीठ अडतं. म्हणून रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा; ते बदलून देतात.

पनवेलकराला इथे पुनर्नवा आठवणारच. 1872 पासूनचा धूतपापेश्वरांचा आयुर्वेदिक औषधांचा वारसा याच गावचा. उन्हाळ्यात वाळून पावसात मुळापासून पुन्हा फुटणारी ही घेटुळी सुजेवर पूर्वापार दिली जाते. चरकसंहितेत उदररोगात मीठ वर्ज्य सांगितलं आहे, हेही लक्षात घेण्याजोगं. मात्र पुनर्नवेत पोटॅशियम बरंच असतं, आणि मूत्रपिंड अधू असेल तर तेच हृदयाला महागात पडू शकतं. वैद्यांना आपले रिपोर्ट दाखवूनच घ्या. लघवीच्या गोळीचंही तसंच: ती पाणी काढते, पाणी का साचलं ते सांगत नाही.

एकाच पायाला अचानक सूज आणि पोटरीत दुखणं, ही शिरेत गुठळी असू शकते. आडवं पडल्यावर दम लागणं, किंवा गरोदर बाईचा चेहरा सुजून डोकं दुखणं, अंधारी येणं: यात सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा. उठल्यावर डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला फेस असेल, तर लघवीची तपासणी लवकर करून घ्या.

हृदयाचा त्रास असलेल्यांनी एक वही करावी. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीआधी वजन लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढलं, तर ती चरबी नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

(पुढील भागात : लसिकावाहिन्या तुंबतात तेव्हा – हत्तीरोग)