दोन आसनांची गाडी आणि दोनशे वॉटचा आवाज

गाडीतल्या टेपचा आवाज सुधारायचा म्हटलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘किती वॉटचा पाहिजे?’ (टेप कधीच गेला, शब्द तेवढा राहिला आहे.) हा प्रश्न पुण्यात विचारतात तसाच कॅलिफोर्नियातही विचारतात, हे मला तिथं राहणाऱ्या भाच्यामुळं कळलं. त्यानं माझदा कंपनीची एमएक्स-५ ही जुनी गाडी विकत घेतली आहे. १९८९ साली बाजारात आलेली ही दोन आसनांची छोटी स्पोर्ट्‌स कार. वजन जेमतेम हजार किलोच्या आसपास, आणि कापडी टप मागं दुमडला की गाडी वरून पूर्ण उघडी. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या, यावरून तिची लोकप्रियता कळेल. गाडी झकास, पण दारातल्या स्पीकरमधून येणारं गाणं मात्र पत्र्याच्या डब्यात रेडिओ ठेवल्यासारखं. ‘मामा, दोनशे वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर बसवू का?’ असं त्यानं विचारलं. उत्तर द्यायला कागद-पेन्सिल घेतली आणि लक्षात आलं, की आपण शाळेत शिकवतो त्या ध्वनी आणि वीज या दोन प्रकरणांचा बराचसा भाग या एका गाडीत भरलेला आहे.

आधी वॉटचाच समाचार घेऊ. इंजिन चालू असताना गाडीच्या बॅटरीच्या टोकांशी साधारण १४.४ व्होल्ट विभवांतर असतं. गाडीतल्या स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम. डॅशबोर्डमधल्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक अ‍ॅम्प्लिफायर जोडलेला असतो. एक टोक वर चढतं तेव्हा दुसरं खाली उतरतं. त्यामुळं स्पीकरला जास्तीत जास्त अधिक १४.४ ते उणे १४.४ व्होल्टपर्यंत झुलवता येतं. साध्या ज्या-तरंगासाठी या कमाल मूल्याला २ च्या वर्गमूळानं भागायचं, म्हणजे परिणामी मूल्य १०.२ व्होल्ट. त्याचा वर्ग करून ४ नं भागलं की उत्तर येतं २६ वॉट. ट्रान्झिस्टरमध्ये थोडं विभवांतर वाया जातं, तेव्हा प्रत्यक्षात वीसेक वॉट धरा.

पण डेकच्या खोक्यावर तर ‘५० वॉट गुणिले ४’ असं छापलेलं असतं! ते कुठून येतात? वर्गमूळानं भागायचं विसरून बघा. १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे ५१.८. हा आकडा ज्या-तरंगाचा नाही, चौकोनी तरंगाचा आहे. अ‍ॅम्प्लिफायर इतका ओढायचा की तरंगाचे माथे सपाट कापले जातील, आणि मग मोजायचं. आकडा खोटा नाही, पण त्या अवस्थेत जे ऐकू येतं त्याला संगीत म्हणणं कठीण आहे. आपल्याकडं नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर हजार वॉट ‘पीएमपीओ’ अशा चिकटपट्ट्या असत, ते तर याच्याही पुढचं प्रकरण होतं. दहावीच्या वर्गात विद्युतशक्तीचं सूत्र शिकवल्यावर हे गणित जरूर घाला. मुलांना जाहिरातीतला आकडा सोडवून दाखवण्यात फार मजा येते.

याहून जास्त शक्ती हवी तर विभवांतरच वाढवावं लागतं, आणि एकदिश विद्युतधारेचं विभवांतर रोहित्रानं वाढत नाही. ही अडचण जुनी आहे. १९३० नंतरच्या काळात मोटारीतल्या रेडिओत काचेच्या व्हॉल्व्ह असत. त्यांना दोनशेच्या आसपास व्होल्ट लागत आणि बॅटरी असे सहा व्होल्टची. त्यावर काढलेली युक्ती आपल्या विद्युत घंटेचीच होती. एक लोखंडी पट्टी सतत थरथरत धारा चालू-बंद करी, ही तुटक धारा रोहित्राला दिली की बाहेर जास्त विभवांतर मिळे. रेडिओतून तिची गुणगुण ऐकू यायची. आजच्या स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हेच काम ट्रान्झिस्टर करतात, सेकंदाला हजारो वेळा, त्यामुळं गुणगुण कानाच्या टप्प्याबाहेर जाते आणि रोहित्रही मुठीत मावेल एवढं लहान होतं. दोनशे वॉट बाहेर हवे असतील आणि कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर बॅटरीतून तीनशेवर वॉट, म्हणजे २१ ते २२ अँपिअर धारा घ्यावी लागते. त्यासाठी थेट बॅटरीपासून जाड तार हवी आणि फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरातच हवा. फ्यूज दुसऱ्या टोकाला लावला, तर मधली तार बॉडीच्या पत्र्याला घासून उघडी पडल्यावर तो काहीच वाचवत नाही.

एवढं करून मिळतं काय? वीस वॉटचे दोनशे केले म्हणजे दहा पट, म्हणजे १० डेसिबल. आपल्या कानाला १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठा आवाज अशी जाणवते. शक्ती दहा पट, जाणीव दुप्पट! नुसती दुप्पट शक्ती केली तर ३ डेसिबल, जी लक्ष दिलं तर कळते. आता स्पीकरच्या माहितीपत्रकात एक दुर्लक्षित आकडा असतो, संवेदनशीलतेचा. एक वॉट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल, हे तो सांगतो. ८८ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९१ चा निवडला, की घरबसल्या अ‍ॅम्प्लिफायर दुप्पट केल्यासारखं झालं. म्हणून दुकानात विचारायचाच तर हा आकडा विचारावा, असं माझं मत आहे.

दार नावाचं खोकं

मग पत्र्याच्या डब्यासारखा आवाज येतो तो कशामुळं? दोष बहुतेक वेळा स्पीकरचा नसतो, दाराचा असतो. स्पीकरचा कागदी शंकू पुढं सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पुढचा आणि मागचा तरंग एकमेकांच्या नेमके उलट असतात. दोघांची गाठ पडली की बेरीज शून्याकडं जाते. उंच स्वरांची तरंगलांबी लहान असल्यानं ते फारसे वळत नाहीत, वाचतात. खालचे स्वर कडेनं वळून एकमेकांना खाऊन टाकतात.

वर्गात हे दाखवणं अगदी सोपं आहे. जुन्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर वायरी लांब करून बाहेर काढा आणि नुसता हातात धरून वाजवा. आवाज चिरका येईल. आता मोठ्या पुठ्ठ्याला शंकूच्या मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर दाबून धरा. मागच्या बाकावरच्या मुलांनाही तबल्याचा डग्गा एकदम ‘आलेला’ कळेल. वॉट एकानंही वाढलेला नाही. पुठ्ठ्यानं फक्त पुढच्या आणि मागच्या हवेची भेट टाळली.

गाडीचं दार हाच तो पुठ्ठा. पण त्याच्या आतल्या पत्र्याला काचेची यंत्रणा दुरुस्त करण्यासाठी मोठमोठी भोकं ठेवलेली असतात आणि त्यांवर नुसता प्लॅस्टिकचा कागद असतो. शिवाय बाहेरचा पत्रा पातळ. स्पीकरबरोबर तोही वाजतो. म्हणून पहिलं काम ही भोकं पक्की बंद करणं आणि पत्र्याला चिकट ब्युटिल रबराचे तुकडे लावणं. या रबरावर अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. पत्रा थरथरला की मधलं रबर खेचलं जातं आणि कंपनांची ऊर्जा उष्णतेत जाते. सगळा पत्रा मढवायची गरज नसते. स्टीलच्या ताटावर टिचकी मारा, ते घणघणेल. मध्यावर लिंबाएवढा कणकेचा गोळा दाबून बसवा आणि पुन्हा टिचकी मारा. एवढ्याशा गोळ्यानं ताट मुकं होतं. मध्यावरच कशासाठी, आणि काठावर लावला तर काय होईल, हे मुलांना करून बघू द्या. हलक्या गाडीत ही काटकसर महत्त्वाची आहे. जी गाडी वजन वाचवण्यासाठी अशी घडवली, तिच्या दारांत दहा-बारा किलो रबर भरणं मला पटत नाही. आणि दाराच्या तळाशी पाणी निथळायची भोकं असतात, ती मात्र बुजवायची नाहीत. पत्रा गंजतो.

वायरी जोडताना एक काळजी. एका दारात अधिक-उणे टोकांची अदलाबदल झाली, तर एक शंकू पुढं जाताना दुसरा मागं जाईल आणि खालचे स्वर पुन्हा गायब होतील. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टोकांना टेकवून बघावं: अधिक टोकाला सेलचं अधिक टोक असेल तर शंकू बाहेर येतो.

टप उघडल्यावर

या गाडीची खरी गंमत पुढं आहे. ५० हर्ट्झच्या स्वराची हवेतली तरंगलांबी सुमारे सात मीटर, आणि दोन आसनांची बंद जागा जेमतेम दीड मीटरची. एवढ्या लहान जागेत असा तरंग मावतच नाही. स्पीकर आतली सगळी हवा एकदमच दाबतो आणि सोडतो, सायकलच्या पंपासारखी. त्यामुळं बंद गाडीत खालचे स्वर फुकटात वाढून मिळतात. टप उघडला की पंपाचं टोक उघडं पडलं. गाडी जागची हललेलीही नसते, तरी ढोलाचा दम निघून जातो. उघड्या हवेत तेवढाच आवाज ठेवायचा, तर स्वर एक सप्तक खाली गेला की शंकूला चौपट सरकावं लागतं. १०० हर्ट्झला १ मिलिमीटर पुरत असेल तर ५० ला ४ आणि २५ ला १६. दारातल्या सोळा सेंटिमीटरच्या स्पीकरला ते झेपत नाही.

गाडी पळू लागली की वारा येतो. टप उघडा ठेवून महामार्गावरच्या वेगानं जाताना चालकाच्या कानाशी ८५ ते ९० डेसिबल गोंगाट असतो, आणि त्यातला मोठा भाग खालच्या वारंवारतांचा. खालचा गोंगाट आपल्याहून वरच्या स्वरांनाही झाकतो, उलट तितकं होत नाही. त्यामुळं अशा गाडीत तानपुऱ्यावरचा संथ आलाप ऐकायला जाऊ नये. आलाप वाऱ्यात जातो आणि द्रुत बंदिशीतला तबला तेवढा अंगावर येतो.

इथं गाडीच्या अभियंत्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. पहिल्या पिढीच्या काही एमएक्स-५ गाड्यांत डोकं टेकायच्या उशीतच छोटे स्पीकर बसवलेले होते. उघड्या जागेत अंतर निम्मं केलं की ध्वनीची पातळी ६ डेसिबलनं वाढते. दारातला स्पीकर कानापासून ९० सेंटिमीटरवर आणि उशीतला १५ वर असं धरलं, तर सहा पट जवळ म्हणजे सुमारे साडेपंधरा डेसिबल. वॉटच्या भाषेत ३६ पट! भाच्याला मी कळवलं, की उशीत ते स्पीकर असतील तर आधी ते बदल, आणि दोनशे वॉटचं नंतर बघू.

आणखी एक अडचण बसण्याच्या जागेची. अमेरिकेत चालक डावीकडं बसतो, म्हणून डावं दार त्याला जवळ. दोन्ही दारांच्या अंतरांत ६० सेंटिमीटर फरक असेल, तर डावा आवाज पावणेदोन मिलिसेकंद आधी पोचतो. एवढ्याशा वेळानं काय बिघडतं? पण मेंदू दिशा ठरवताना दोन कानांमधला मिलिसेकंदापेक्षाही कमी फरक वापरतो. पहिला येईल तो खरा, असं समजून तो गायिकेला सरळ डाव्या दारात नेऊन बसवतो. आजच्या डेकमध्ये जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर करायची सोय असते. टेपपट्टी घेऊन दोन अंतरं मोजा, फरकाला ३४३ मीटर प्रतिसेकंदानं भागा आणि तो आकडा घाला. गायिका समोर येते. खर्च शून्य. बाजूला बसलेल्या माणसाचं मात्र यानं बिघडतं, त्याला इलाज नाही.

राहता राहिला कान. गोंगाट ८८ डेसिबल असेल आणि गाणं त्याच्या वर, ९४ ला ठेवलं, तर दोन्ही मिळून ९५ होतात. डेसिबलची बेरीज साधी नसते, म्हणून १८२ होत नाहीत. पण कान दोन्ही मोजतो, वाऱ्याचा आवाज ‘नैसर्गिक’ म्हणून सोडून देत नाही. कामगारांसाठी अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेनं सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास आणि दर ३ डेसिबलला निम्मा वेळ अशी आहे. या हिशेबानं ९५ ला पाऊण तासाहून किंचित अधिक मिळतो. मुंबई-पुणे प्रवासाचा निम्मा वेळही नाही. आतल्या कानात ध्वनी पकडणाऱ्या केशपेशी जेमतेम पंधरा हजार असतात, आणि माणसात त्या गेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

एक चाचणी कुणालाही करता येते. संध्याकाळी लांबचा प्रवास संपला की गाडी उभी करून इंजिन बंद करायचं, गाणं जेमतेम पुरेसं वाटेल इतका आवाज ठेवायचा आणि डेकवरचा आकडा लिहून घ्यायचा. सकाळी, इंजिन सुरू न करता, त्याच जागी तेच गाणं त्याच आकड्यावर लावायचं. ते नको इतकं मोठं वाटलं, तर आदल्या संध्याकाळी कान काही डेसिबल बहिरे झाले होते.