एका गुणाकारात अख्खा त्रिकोण फिरवा

आकृती फिरवायची म्हटलं की आपण साइन-कॉसची सूत्रं काढतो आणि प्रत्येक बिंदूसाठी लूप लावतो. 'जे' या भाषेत यातलं काहीच लागत नाही. केनेथ आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांची ही १९९० ची भाषा, एपीएलची धाकटी बहीण. तिच्यात संमिश्र संख्या साध्या संख्येइतकीच सहज लिहिता येते.

बिंदूचा एक्स हा वास्तव भाग आणि वाय हा आयचा गुणक धरला, की (३, २) हा बिंदू झाला ३ + २आय. त्याला आयने गुणा. आयचा वर्ग −१, म्हणून उत्तर −२ + ३आय. बिंदू आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश फिरला! आता (१, ०), (३, ०), (३, २) ही तिन्ही टोकं एका ॲरेत ठेवा आणि ॲरेलाच गुणा: (०, १), (०, ३), (−२, ३). बिंदू तीन असोत की तीन लाख, ओळ तीच. ३० अंश हवेत? मग गुणक साधारण ०.८६६ + ०.५आय.

रेषेसाठी दोन बिंदू फिरवले की झालं. चढाच्या समीकरणाच्या नादी लागू नका, रेषा उभी झाली की चढच उरत नाही. दुसऱ्या बिंदूभोवती फिरवायचं तर तो आधी वजा करा, गुणा, परत मिळवा. आणि हो, स्क्रीनवर वाय-अक्ष बहुधा खाली वाढतो, तिथे सगळं उलट फिरताना दिसेल. बिघडलेलं काही नसतं.

संमिश्र संख्यांचं हे भौमितिक रूप १७९७ मध्ये कास्पार वेसेल यांनी डॅनिश अकादमीपुढे मांडलं. पेशाने ते भूमापक होते!