वारसा घराण्याचा की विचारांचा? कर्जत-खालापूरच्या मतदाराने स्वतःला विचारायचा प्रश्न

घराणेशाही आणि पक्षांतर हे दोन वेगळे रोग आहेत, असे आपण समजतो. प्रत्यक्षात एकामुळे दुसरा बळावतो. पक्षात विचार उरला नाही की नेत्याकडे पुढच्या पिढीला द्यायला फक्त खुर्ची उरते.

आपल्याच भागाचे उदाहरण घेऊ. कर्जत आणि खालापूर तालुके लोकसभेला मावळ मतदारसंघात येतात. 2019 मध्ये येथे राष्ट्रवादीने अजित पवारांचे पुत्र पार्थ पवार यांना उमेदवारी दिली. शिवसेनेच्या श्रीरंग बारणे यांनी त्यांचा दोन लाखांहून जास्त मतांनी पराभव केला. पुढे दोन्ही पक्ष फुटले आणि 2024 मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीने त्याच बारणेंसाठी मते मागितली. या पाच वर्षांत कोणता विचार बदलला, हे मतदाराला कोणी सांगितले नाही.

विधानसभेतही तेच झाले. 2019 मध्ये कर्जतमधून महेंद्र थोरवे शिवसेनेकडून निवडून आले. जून 2022 मध्ये ते एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. 2024 मध्ये महायुतीतल्याच राष्ट्रवादीतून बाहेर पडलेले सुधाकर घारे त्यांच्याविरुद्ध अपक्ष लढले. थोरवे पुन्हा जिंकले.

दक्षिण रायगडात पाहा. श्रीवर्धनची आमदारकी 2009 मध्ये सुनील तटकरे, 2014 मध्ये पुतणे अवधूत आणि 2019 पासून कन्या अदिती यांच्याकडे राहिली. 2019 नंतर वडील लोकसभेत, मुलगी विधानसभेत आणि मुलगा अनिकेत विधान परिषदेत, असे एकाच वेळी तिघे होते. अदिती तटकरे महाविकास आघाडीत राज्यमंत्री होत्या. 2 जुलै 2023 रोजी त्या विरुद्ध बाजूच्या सरकारात मंत्री झाल्या. त्यांनी काम केले की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. संधी कोणाला मिळते, हा इथला प्रश्न आहे. त्याच पक्षात वीस वर्षे सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याच्या मुलीला ही वाट खुली होती का?

कायदा हे थांबवत नाही का? 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. त्यात एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला सूट होती. ती 2003 मध्ये 91 व्या दुरुस्तीने काढली. आता दोन तृतीयांश आमदारांच्या पाठिंब्याने झालेल्या विलीनीकरणालाच संरक्षण आहे. पण मूळ पक्ष आमचाच, असा दावा केला की सगळा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे जातो आणि अध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षाचेच असतात. शिवसेनेच्या बाबतीत 10 जानेवारी 2024 रोजी निकाल आला, तेव्हा दोन्ही गटांचे आमदार पात्र ठरले. विधानसभेची मुदत संपायला तेव्हा वर्षही उरले नव्हते.

मग आपण काय करायचे? बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आणि तथागतांचे उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे. चुलतभाऊ देवदत्ताने संघाचे नेतृत्व मागितले, ते नाकारले गेले. मुलगा राहुल भिक्खू झाला, पण वारस झाला नाही. आपल्यानंतर धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असे बुद्धांनी सांगितले.

हा आरसा आपल्यासमोरही धरायला हवा. 1957 मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले, हे आपण मोजणे सोडून दिले आहे. रामदास आठवले आधी काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत होते, 2011 पासून शिवसेना-भाजपसोबत गेले. 2025 मध्ये आनंदराज आंबेडकरांच्या रिपब्लिकन सेनेने शिंदेंच्या शिवसेनेशी युती केली. युती करणे हा गुन्हा नाही. पण कोणत्या मागणीवर, किती मुदतीसाठी आणि ती पूर्ण न झाल्यास काय, हे समाजाला सांगितले गेले पाहिजे. नेता आपला असला की आपण हे विचारत नाही. इथूनच भक्ती सुरू होते.

ग्रामपंचायतीत महिला सरपंच निवडून येते आणि कारभार नवरा पाहतो, तेव्हा गावपातळीवर हेच घडत असते. म्हणून सुरुवात तिथूनच करू. ग्रामसभेला हजर राहा. सरपंच बाईंना स्वतः बोलू द्या, त्यांच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला उठायला सांगा. प्रचाराला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, आपल्या माणसालाही, एकच प्रश्न विचारा: मागच्या वेळी ज्या विचारावर मत मागितले होते, त्याचे काय झाले?

जय भीम! नमो बुद्धाय!