समुद्रावरचं धुकं उपग्रहाला कसं दिसतं?

२५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ ‘आंद्रेआ दोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ ही दोन प्रवासी जहाजं एकमेकांवर आदळली. ५१ माणसं गेली. रडार दोन्हींवर होतं. पण स्टॉकहोमच्या बाजूला तोवर हवा स्वच्छ होती, पुढे दाट धुकं आहे याची कल्पनाच नव्हती. ते वरून बघणारं तेव्हा कुणी नव्हतं. पहिला हवामान उपग्रह टायरॉस-१ गेला तो १९६० मध्ये.

आता उपग्रह आहेत. जपानचा हिमावारी तर दर दहा मिनिटांनी फोटो पाठवतो. दिवसा धुकं ओळखणं त्यामानाने सोपं: पांढरा, गुळगुळीत पट्टा, आणि कडा बऱ्याचदा किनाऱ्याला चिकटून वळलेल्या.

खरी गंमत रात्री. अंधारात साधा कॅमेरा निकामी, म्हणून उष्णता टिपणारा अवरक्त कॅमेरा वापरतात. उंच ढग थंड असतात, ते लगेच उठून दिसतात. धुकं मात्र पाण्याला टेकलेलं, त्याचं तापमान जवळपास समुद्राइतकंच. मग वेगळं कसं काढणार?

इथे वजाबाकी कामी येते! (मुलं विचारतात ना, वजाबाकीचा उपयोग काय?) उपग्रह एकाच जागेचं तापमान दोन प्रकारच्या अवरक्त किरणांत मोजतो, साधारण ३.९ आणि ११ मायक्रोमीटर लांबीच्या. मोकळ्या समुद्राचे दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात. धुक्यातले बारीक थेंब मात्र ३.९ वाले किरण कमी सोडतात, त्यामुळे तो आकडा काही अंशांनी कमी येतो. फरक दिसला की तिथे धुकं असण्याची शक्यता. सूर्य उगवला की ही युक्ती बंद, कारण ३.९ मध्ये उन्हाचं परावर्तनही मिसळतं.

‘शक्यता’च म्हटलं, कारण आपणच शिकवतो की धुकं म्हणजे जमिनीला टेकलेला ढग. टेबलावर कापूस ठेवा, मग तोच दोन बोटं वर धरा आणि मुलांना बरोबर डोक्यावरून बघायला सांगा. टेकलाय की नाही, सांगता येत नाही. उपग्रहाचं तेच होतं. खलाशाला मात्र तोच फरक महत्त्वाचा: ढग दोनशे मीटर वर असेल तर वाट मोकळी, टेकला असेल तर समोरचं जहाज दिसत नाही. म्हणून हवामानतज्ज्ञ ढगाच्या माथ्याचं तापमान समुद्राच्या तापमानाशी ताडून बघतात. दोन्ही जवळ असतील तर ढग खालीच असण्याची शक्यता वाढते. शिवाय जहाजांकडून आणि किनाऱ्यावरच्या केंद्रांकडून किती लांबचं दिसतंय तेही कळवलं जातं. आणि मध्ये उंच ढगांचा थर आला, तर खालचं धुकं उपग्रहाला दिसतच नाही.