अवसेच्या रात्रीची देवयानी

लक्ष्मीपूजन अवसेला येतं. चंद्र आकाशात नसतो. पाऊस बहुधा परतलेला असतो आणि हिवाळ्याच्या धुरक्याने हवा अजून मळलेली नसते. रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला देवयानी दीर्घिका मुंबईच्या माथ्याजवळ येते, उत्तरेला किंचित कललेली, क्षितिजापासून जवळजवळ सत्तर अंशांवर. दीर्घिकेचा फोटो काढायला पंचांगात मुहूर्त शोधला तर याहून चांगला सापडायचा नाही. आणि नेमक्या त्याच रात्री लालबाग-परळपासून गिरगावापर्यंत गॅलऱ्यांतून माळा लखलखतात, कंदील झुलतात, आणि बाराच्या ठोक्यापर्यंत फटाक्यांचा धूर गच्चीवरून हलत नाही. आमच्या चाळीच्या गच्चीवर ट्रायपॉड मांडून बसलं की कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्या रात्री पांढुरका पडदा तेवढा दिसतो आणि मधूनच एखाद्या रॉकेटची तिरकी रेघ.

तरीही या शहरातून दीर्घिका टिपणारी माणसं आहेत. मोजकी आहेत, नोकरीधंदा सांभाळून आहेत, आणि त्यांचा निम्मा वेळ आकाशापेक्षा आकाशाच्या आड येणाऱ्या गोष्टींशी झगडण्यात जातो.

चाळीस तासांचा हिशेब

देवयानी आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर. आकाराने ती लहान नाही. पूर्ण विस्तार दिसला असता तर आकाशात सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवावेत एवढी लांब दिसली असती. गिरगावच्या गच्चीवरून द्विनेत्रीतून तिचा गाभा तेवढा सापडतो, कापसाच्या बोळ्यासारखा. बाकीची दीर्घिका शहराच्या उजेडात बुडालेली असते.

किती बुडालेली, याला माप आहे. आकाशाच्या एका चौरस विकलेएवढ्या तुकड्यातून येणारा उजेड कितव्या प्रतीच्या ताऱ्याएवढा आहे, हे मोजतात. अंधाऱ्या माळावर हा आकडा २२च्या आसपास येतो, महानगराच्या मध्यभागी १८च्या. प्रतीचा आकडा उतरला की उजेड चढतो, आणि चार प्रतींचा फरक म्हणजे चाळीस पट. देवयानीच्या बाहेरच्या भुजांचा उजेड मुळात २२व्या प्रतीच्या आसपासचा. म्हणजे लालबागच्या आकाशातून टिपलेल्या चाळीसेक प्रकाशकणांमागे तिच्या भुजेतून आलेला फार तर एखादा. ढोबळ हिशेबाने, माळावर एका तासात मिळणारं चित्र इथे मिळवायला चाळीस तास लागतात.

मग फिल्टर का लावत नाहीत? मृगातला तेजोमेघ असेल तर लावतात. वायूचा मेघ ठरावीक तरंगलांबींवरच प्रकाशतो, तेवढ्या वाटा मोकळ्या ठेवून बाकीच्या बंद करता येतात. दीर्घिका मात्र ताऱ्यांची बनलेली. तिच्या उजेडात सगळे रंग असतात, कुठली वाट बंद करणार? जुन्या सोडियमच्या दिव्यांचा बराचसा उजेड पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात असायचा. तेवढा पट्टा गाळला तर थोडं हाती लागायचं. रस्त्यावर पांढरे एलईडी आले आणि तीही सोय आटली.

ध्रुव दिसेना

पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. कॅमेरा स्थिर ठेवून ३० सेकंदांचा फोटो घेतला, तर देवयानीजवळचा तारा चंद्रबिंबाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढी रेघ ओढतो. म्हणून कॅमेरा फिरत्या माउंटवर बसवायचा आणि माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा. मुंबईचा अक्षांश १९ अंश, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून १९ अंशांवरच. आता गणित करा: गच्चीपेक्षा १२० मीटर उंच टॉवर उत्तरेला साडेतीनशे मीटरांच्या आत उभा राहिला की ध्रुव गेला. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उठले तसा परळ-लालबागच्या कित्येक गच्च्यांवरून ध्रुव मावळला, तोही कायमचा.

यावर उपाय आहेत. माथ्यावरचा एखादा तारा कुठल्या बाजूला सरकतो ते पाहत अक्ष थोडा थोडा हलवायचा, किंवा संगणकाला ताऱ्यांचा नकाशा जुळवून चूक काढायला लावायची. या कामात तासभर सहज जातो. एवढं जुळल्यावर कोणी टाकीतलं पाणी बघायला वर आलं की स्लॅब हलते आणि ती फ्रेम वाया जाते. पाणी बघायला येणाऱ्यावर चिडता येत नाही. चाळीत पाणी आधी, दीर्घिका नंतर.

यंत्राच्या दुखण्यांची औषधं मात्र या शहरात हाकेच्या अंतरावर मिळतात. बेअरिंग, नटबोल्ट, पट्टे नागदेवीला, वायरी आणि स्विच लोहार चाळीत, रेझिस्टर आणि बॅटऱ्या लॅमिंग्टन रोडला. दव धरू नये म्हणून लेन्सभोवती गुंडाळायचा ऊब देणारा पट्टा बाहेरून मागवला तर महाग पडतो. कापडी पट्टीत रेझिस्टरची माळ शिवून तो घरीही करता येतो.

मृगापासून हस्तापर्यंत

मृगाचा पाऊस सुरू झाला की दुर्बीण पेटीत जाते ती हस्त संपेपर्यंत. या चार महिन्यांत खरा शत्रू ढग नव्हे, बुरशी. समुद्राकाठच्या दमट हवेत भिंगावर तिची जाळी धरते आणि कधीकधी काचेवरचा लेपही खाते. म्हणून लेन्स हवाबंद डब्यात आणि शेजारी सिलिका जेलच्या पुड्या. लोणच्याची बरणी जपावी तसा हा डबा जपावा लागतो.

दैवाची दुसरी खोड अशी, की दीर्घिकांचा खरा हंगाम चैत्र-वैशाखात येतो. तेव्हा सिंह, कन्या आणि सप्तर्षी रात्री वर असतात. त्या दिशेने पाहताना आपण आपल्याच आकाशगंगेच्या पातळ चकतीतून बाहेर डोकावतो, म्हणून दूरच्या दीर्घिका मोकळ्या दिसतात. पण मुंबईत तेव्हा घाम, धुरकट दमट हवा आणि पुढे वळवाचे ढग. १९ मे २०२३ रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना सप्तर्षीच्या शेपटीजवळच्या एम १०१ या दीर्घिकेत, सुमारे दोन कोटी प्रकाशवर्षांवर, ताऱ्याचा महास्फोट सापडला. जगभरच्या हौशी लोकांनी आपापले जुने फोटो उपसून स्फोटाआधीच्या रात्री तपासल्या. मुंबईकरांच्या दृष्टीने तो वैशाखअखेरीचा स्फोट होता. दोन ढगांमधली फट सापडेल तेवढाच तो आपला.

शहराबाहेर जाण्याची जुनी सवय

हौशी माणसाने दीर्घिकेचा फोटो काढणं ही नवी गोष्ट नाही. उलट सुरुवातच तिथून झाली. आयझॅक रॉबर्ट्स हे इमारती बांधण्याच्या धंद्यातले गृहस्थ. लिव्हरपूलजवळच्या आपल्या वेधशाळेतून २९ डिसेंबर १८८८ रोजी त्यांनी सुमारे चार तास काच उघडी ठेवून देवयानी टिपली, आणि तिची सर्पिल घडण जगाला पहिल्यांदा स्पष्ट दिसली. ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे कळायला १९२३चा ऑक्टोबर यावा लागला, एडविन हबल यांना तिच्यात रूपविकारी तारा सापडेपर्यंत. रॉबर्ट्स मात्र त्याआधीच, १८९०मध्ये, चांगल्या आकाशासाठी आपला मुक्काम दक्षिण इंग्लंडला हलवून मोकळे झाले होते.

रॉबर्ट्स यांची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेली. त्याच ग्रब यांची एक दुर्बीण महाराष्ट्रात आली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणाऱ्या कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८२मध्ये भावनगरच्या महाराजांकडून पाच हजार रुपये मिळवले, सरकारने तेवढीच भर घातली, आणि १८८८मध्ये पुण्याला महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. नायगमवाला निवृत्त झाले तशी १९१२मध्ये ती बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

मुंबईची स्वतःची कथा कुलाब्याची. तिथली वेधशाळा १८२६ची. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तिच्या नोंदी नावाजलेल्या होत्या. शहरात विजेची ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४मध्ये हे काम अलिबागला हललं, आणि १९०७मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. विजेने चुंबकवाल्यांना खाडीपार धाडलं. पुढे विजेच्याच उजेडाने ताऱ्यांच्या माणसांना कर्जत लाइनवर धाडलं.

हॅलेचा धूमकेतू १९८५-८६मध्ये आला तेव्हाच्या उत्साहातून उभं राहिलेलं खगोल मंडळ वर्षानुवर्षं बदलापूरपुढच्या वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम करत आलं आहे. दादरला लोकल पकडायची, सॅकमध्ये स्वेटर, विजेरीला लाल कागद, आणि पहाटेच्या गाडीने परत: मुंबईच्या कित्येकांनी देवयानी पहिल्यांदा पाहिली ती अशी. मीही. पण लोकल जिथवर जाते तिथवर दिवेही जातात, आणि बदलापूर वाढलं तसा वांगणीचा अंधारही विरत चालला. तिथल्या एका थंडीत पहाटे दोननंतरच्या माझ्या सगळ्या फ्रेम दुधाळ निघाल्या. ढग आले समजून मी वर बघत बसलो होतो. दव लेन्सवर होतं. आता अंधारासाठी राज्याच्या दुसऱ्या टोकाला पाहावं लागतं: पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

वजाबाकी

ज्याला पेंच परवडत नाही त्याने बेरीज-वजाबाकी शिकावी. लालबागहून एक फ्रेम अर्ध्या मिनिटापेक्षा लांबवली की आकाश पांढरं पडतं. म्हणून तीन तासांत ३० सेकंदांच्या ३६० फ्रेम घ्यायच्या आणि संगणकात त्या एकावर एक रचायच्या, याला स्टॅकिंग म्हणतात. अस्सल उजेड प्रत्येक फ्रेमला त्याच जागी येतो, खर, म्हणजे चित्रातली दाणेदार खरखर, कुठेही पडते. त्यामुळे खर फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत दबते. ३६० फ्रेमना सुमारे १९ पट. मग लेन्सवर झाकण लावून घेतलेल्या काळ्या फ्रेम वजा करायच्या, म्हणजे कॅमेऱ्याचे दोष गेले. पांढरा बनियन लेन्सवर ताणून घेतलेल्या उजळ फ्रेमने भागायचं, म्हणजे भिंगावरची धूळ गेली.

एवढी चिकाटी काय कामाची, असं कोणी विचारलं तर मी फ्रान्स-जर्मनीच्या तिघा हौशी छायाचित्रकारांचं उदाहरण देतो. स्ट्रॉटनर, ड्रेक्सलर आणि सेंटी यांनी शंभराहून अधिक तासांचा उजेड साठवला, आणि २०२३च्या जानेवारीत देवयानीच्या शेजारी ऑक्सिजनच्या उजेडाची एक मोठी अंधुक कमान जाहीर केली. लाखो वेळा टिपलेल्या दीर्घिकेशेजारी ती तोवर कोणाला दिसली नव्हती.

शेवटची वजाबाकी शहराची. संगणक प्रत्येक कोपऱ्यातलं आकाश किती उजळ आहे ते मोजतो, त्या उजेडाचा एक वेगळा पट तयार करतो आणि फोटोतून तो काढून घेतो. उरते देवयानी: गाभा, एक-दोन धुळीचे पट्टे, भुजेचा अंदाज. काढून घेतलेला पट बहुतेक जण पुसून टाकतात. मी ठेवतो. त्यात तारा एकही नसतो, नुसता चढता-उतरता उजेड. एक कोपरा परळच्या टॉवरांकडे भगभगीत, दुसरा शिवडीच्या खाडीकडे जरासा मऊ. गेल्या लक्ष्मीपूजनाला घेतलेल्या फ्रेममधून देवयानी निघालीच नाही. पट तेवढा निघाला, आजवरचा सगळ्यात उजळ. तोही तारीख घालून त्याच फोल्डरमध्ये ठेवला आहे.