हावड्यातला आरसा

पहाटे साडेपाचला हावडा पुलाच्या कोलकात्याकडच्या टोकाला उतरलं की आधी वास येतो, ओल्या झेंडूचा. पुलाखालच्या मल्लिक घाटाच्या फूलबाजारात हमाल डोक्यावर झेंडूच्या माळांची वेटोळी घेऊन पळत असतात. ओझं इतकं मोठं, की कपाळ झाकून जातं आणि नाकापासून खालचाच चेहरा उरतो. पुण्याहून पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्ध्या तासात मी दीडशे फोटो काढले. रात्री खोलीवर एकेक पाहत गेलो तर सगळे ओळखीचे. झेंडू, पूल, धुकं, घामेजलेली पाठ. कोलकात्यात पाय ठेवण्याआधी जी चित्रं पाहिली होती, त्यांच्याच नकला मी करून आणल्या होत्या.

एक फोटो तेवढा वेगळा निघाला. पायरीवर बसून माळा ओवणारी एक बाई. कॅमेरा वर गेलेला पाहून तिनं पदर तोंडावर ओढायला घेतला. मला ते दिसलं, आणि तरीही मी बटण दाबलं. पदर अर्ध्यावर आहे, एक डोळा उघडा आहे. चित्र म्हणून ते चांगलं आहे. मी ते आजवर कुठे छापलेलं नाही, छापणारही नाही.

खरं तर मी गेलो होतो आरशांच्या दुकानासाठी. रघुबीर सिंग यांचं १९९१ सालचं हावड्याचं एक छायाचित्र आहे. फुटपाथवर विकायला मांडलेले आरसे आणि त्या आरशांत रस्त्याचे, माणसांचे तुकडे. एका चौकटीत कितीतरी चौकटी. कॉलेजात असताना ते पहिल्यांदा पाहिलं आणि पान उलटवेना. छायाचित्रकारानं माणसांच्या अंगावर कॅमेरा रोखलेला नाही. रस्ता आपणहून आरशात येतो आहे, आणि तो येईपर्यंत हा माणूस तिथे उभा आहे.

हे उभं राहणं ते शिकले कुठे? रघुबीर सिंग जयपूरचे, जन्म १९४२. १९६६मध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ जयपूरला आले, तेव्हा या तरुणाला त्यांना काम करताना जवळून पाहायला मिळालं. कार्तिए-ब्रेसाँ म्हणजे ‘निर्णायक क्षण’ हे समीकरण आपल्याकडेही रूढ आहे. पण ते शब्द त्यांच्या १९५२च्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावातले. मूळ फ्रेंच नाव ‘इमाज आ ला सोवेत’. परवाना नसलेला फेरीवाला महापालिकेची गाडी दिसताच पथारी गुंडाळून पळतो, त्या घाईगडबडीच्या धंद्याला फ्रेंचमध्ये ‘आ ला सोवेत’ म्हणतात. मला हे नाव फार खरं वाटतं. रस्त्यावर फोटो काढणारा माणूस तिथे बिनपरवान्याचाच असतो, आणि परगावचा असेल तर दुप्पट.

गुरूची नजर घेतली, पण गुरूचं कृष्णधवल सिंग यांनी घेतलं नाही. भारतीय डोळा रंगात पाहतो, हे त्यांचं म्हणणं त्यांनी अखेरपर्यंत सोडलं नाही. राहायला ते हाँगकाँग, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क असे फिरत राहिले. काम मात्र भारताच्या रस्त्यांवर. गंगा, कलकत्ता, बनारस, मुंबई, ग्रँड ट्रंक रोड, एकेका जागेला एकेक पुस्तक. त्याच शहरात परत परत जायचं, हा त्यांचा प्रवास. १९९९मध्ये न्यूयॉर्कला ते वारले, वय अवघं ५६.

त्यांची फिल्म होती कोडॅक्रोम. हिचे रंग फिल्मवर आधीपासून नसत, धुताना प्रयोगशाळेत चढवावे लागत. त्यामुळे घरच्या डार्करूममध्ये ती धुणं शक्यच नव्हतं. फोटो कसा आला हे कळायला वाट पाहावी लागे, आणि तोवर ते शहर मागे पडलेलं असे. शिवाय फिल्म मंद. ६४ आयएसओ धरलं तर कडक उन्हात आठाचं ॲपर्चर आणि सेकंदाचा अडीचशेवा भाग असा हिशेब बसतो. ३५ मिलिमीटरची लेन्स तीन मीटरवर लावून ठेवली, तर साधारण दोन ते सात मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. मग फोकस करत बसावं लागत नाही, लक्ष माणसांवर राहतं. पण गल्लीच्या सावलीत शिरलात की ॲपर्चर उघडावं लागतं आणि तेच अंतर आक्रसून जेमतेम दोन मीटरचं उरतं. म्हणजे कुठे उभं राहायचं हे ऊनच ठरवणार. आज फोनमध्ये अंधारातही सगळं येतं. सोय मोठी आहे, पण उन्हाची तिरीप समोरच्या भिंतीवरून सरकत आपल्या कोपऱ्यावर येईस्तोवर थांबायची सवय त्या सोयीनं मोडली, असं मला मनापासून वाटतं. कोडॅक्रोमचं उत्पादन २००९मध्ये थांबलं. कॅन्ससमधल्या शेवटच्या प्रयोगशाळेनं नव्या फिल्मा स्वीकारणं ३० डिसेंबर २०१०ला बंद केलं.

मुंबईतलं त्यांचं १९८९चं चित्र झवेरी बाजारातलं. पेढीच्या आतलं जग आणि बाहेरचा गजबजलेला रस्ता एकाच चौकटीत, मध्ये काच. ते पाहून मी झवेरी बाजारात चार दुपारी काढल्या. तिसऱ्या दुपारी एका पेढीवरच्या काकांनी विचारलं, “काय शोधताय?” काच शोधतोय म्हटल्यावर त्यांना ते पटलं नाही, पण स्टूल दिलं. मराठीत विचारता आलं, मराठीत सांगता आलं. परक्या गावात भाषा नसते तेव्हा हे स्टूल कसं मागायचं, हाच खरा प्रश्न असतो.

फोटोआधी परवानगी मागण्याचा प्रश्न काही देशांनी कायद्यानं सोडवायचा प्रयत्न केला आहे. १८९८मध्ये जर्मनीचे माजी चान्सलर बिस्मार्क वारले, त्या रात्री दोन छायाचित्रकारांनी चोरून खोलीत शिरून मृतदेहाचा फोटो काढला. केवढा गहजब झाला! स्वतःच्या प्रतिमेवर माणसाचा हक्क मानणारा जर्मन कायदा १९०७मध्ये आला, त्यामागे ही घटना होती. तो आजही लागू आहे; अपवाद वगळता, संमतीशिवाय कुणाचा फोटो प्रसिद्ध करता येत नाही. फुलं ओवणाऱ्या त्या बाईच्या हाती असा कुठला कायदा नव्हता. होता तो पदर.

दुसऱ्या खेपेला हावड्याला गेलो तो सात दिवसांसाठी, एकाच रस्त्यावर. आरशांचं दुकान सापडलं नाही, इतक्या वर्षांनी सापडायचं कसं? सापडला एक न्हावी. भिंतीला खिळा, खिळ्याला कोपरा उडालेला आरसा, समोर लाकडी खुर्ची, पत्र्याच्या डब्यात वस्तरा आणि तुरटी. मूळचा बिहारचा. मी कॅमेऱ्याला हात लावला तसा म्हणाला, “फोटो बाद में, पहले बैठिए।”

बसलो. त्यानं गालाला साबण लावला. समोरच्या आरशात माझ्या खांद्यावरून बस गेली, मग हातगाडी, मग शाळेची दोन पोरं थांबून माझ्याकडे पाहू लागली. फेसानं माखलेलं तोंड घेऊन मी हलू शकत नव्हतो. अख्खा रस्ता मला पाहत होता. वस्तरा फिरेपर्यंत वीसेक मिनिटं मी तसाच बसून होतो आणि कॅमेरा मांडीवर होता.

रोज सकाळी तिथे जाऊ लागलो. चौथ्या दिवशी आसपासच्या कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. सहाव्या दिवशी, साडेआठच्या सुमाराला, ऊन भिंतीच्या कडेला आलं. गिऱ्हाईक डोळे मिटून बसलं होतं. मी त्याला फोटो काढू का असं विचारलं, त्यानं डोळे न उघडताच मान हलवली. न्हाव्यानं एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि साबणाच्या बोटानं खिळ्यावरचा आरसा जरासा रस्त्याकडे वळवून दिला.